सरपटणाऱ्या प्राण्यांची पैदास : कायदा आणि कर

शेतीस जोडधंदा असावा, हें आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. आपल्या जालना जिल्ह्यांत शेळी, कोंबडी व दुभतें जनावर हे जुने जोडधंदे. रेशमाचे किडे हा त्या मानानें नवा. २०१८ सालीं जालन्याच्या बाजार समितीच्या आवारांत रेशीम कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हांपासून तुती लावणाऱ्यांची माल कर्नाटकांत रामनगरास नेण्याची यातायात बरीच कमी झाली. एक नवा धंदा असा मार्गीं लागलेला पाहून तरुण मंडळींच्या मनांत आणखीहि कांहीं धंदे घोळूं लागले आहेत. त्यांपैकीं एक असा कीं, मोठ्या शहरांतील हौशी लोक घरांत परदेशी सरडे, बिनविषारी अजगर व लहान कांसवें पाळतात आणि त्यांस चांगली किंमत देतात. तर असे प्राणी आपण मळ्यांतील एखाद्या शेडमध्यें वाढवून विकावे काय? ही पृच्छा गेल्या वर्ष-दीड वर्षांत प्रस्तुत लेखकाकडे तीन-चार ठिकाणांहून आली. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्याकडे लोक कागदपत्रांचे प्रश्न घेऊन येतात, ही रीतच आहे. प्राणी कसा वाढवावा, त्यास काय खाऊं घालावें, हें सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. कागदाची बाजू मात्र सांगतां येईल, आणि ह्या धंद्यांत नफा-तोटा राहो, तुरुंग टळणें हें देखील कागदावरच अवलंबून आहे.

पुष्कळांची समजूत अशी दिसते कीं, दोन-चार प्राणी हौसेखातर पाळले तर कायद्याचा संबंध येत नाहीं. शंभर पाळून दुकान मांडलें तरच येतो. ही समजूत मुळांतच चुकीची आहे. प्राणी किती, हा कायद्याचा पहिला प्रश्न नाहीं. हौस कीं धंदा, हाहि नाहीं. प्राणी कोठला, हा पहिला प्रश्न. तो आपल्या देशांतील रानावनांत आढळणारा आहे कीं परदेशी आहे, यावर पुढील सर्व गोष्टी ठरतात.

प्रथम देशी प्राण्यांचें पाहूं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यांत २०२२ सालीं मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, घोरपड, विहिरींत व तळ्यांत आढळणारें मऊ पाठीचें कांसव, पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलें स्टार कांसव, हे सर्व ह्या कायद्याच्या संरक्षणाखालीं आहेत. त्यांस पकडणें, बाळगणें, विकणें व विकत घेणें मना आहे. शिकार ह्या शब्दाची व्याख्या कायद्यानें फार व्यापक केली आहे, हें शेतकऱ्यांनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. बंदूक चालविली तरच शिकार होते असें नाहीं. प्राणी नुसता पकडणें ही शिकार; सापळा लावणें ही शिकार; आणि सरपटणाऱ्या प्राण्याचीं अंडीं फोडणें किंवा अंड्यांस व घरट्यास त्रास देणें हीहि शिकारच. नांगरटीच्या वेळीं धामणीचीं अंडीं कधींकधीं वर येतात. तीं टोपलींत घालून घरीं नेऊन उबवून पाहण्याची हौस मुलांना असते. ती पुरवूं नये. अंडीं मातीनें झांकून तास थोडा बाजूनें घालणें इष्ट. धामण वर्षभर शेतांतील उंदीर खाते, ही मजुरी तिला आपण देत नाहीं, एवढी तरी जाण असावी.

येथें एक शंका हटकून विचारली जाते. जंगलांतून प्राणी न आणतां, कोणी पाळलेल्या जोडीपासून झालेलें पिलूं घेतलें तर? पिलूं तर रानांत जन्मलेलेंच नाहीं! परंतु कायद्याचें ३९ वें कलम ह्या शंकेस वाव ठेवीत नाहीं. कायद्याचा भंग करून कैदेंत ठेवलेला किंवा कैदेंत पैदा केलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता होय, असें तें कलम सांगतें. म्हणजे मादी तुमच्या पिंजऱ्यांत, खाणें तुमच्या पैशाचें, आणि पिलांचा मालक सरकार. शिवाय ज्या मोटारसायकलवरून अगर टेम्पोंतून असा प्राणी नेला, तें वाहनहि त्याच कलमाप्रमाणें सरकारजमा होऊं शकतें. हप्त्यांवर घेतलेला टेम्पो दोन सापांपायीं गेला, तर हप्ते मात्र घरच्यांनाच भरावे लागतात.

त्याच कलमांत एक मुदत दिली आहे. सरकारी मालमत्ता असलेला असा प्राणी कोणाच्या ताब्यांत आला तर त्यानें अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास खबर द्यावी, आणि मागणी होतांच प्राणी स्वाधीन करावा. विहीर उपसतांना कांसव हातीं लागलें, कडब्याच्या गंजींत अजगर निघाला, अशा वेळीं वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा, म्हणजे काम भागतें. "राहूं दे आठ दिवस, मुलें पाहतील," असें म्हणणाऱ्यानें ही मुदत लक्षांत घ्यावी. कारण प्राणी ताब्यांत सांपडला म्हणजे ताबा बेकायदेशीर असल्याचें कायदा गृहीत धरतो, व तो कायदेशीर असल्याचें सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे सांपडला त्याच्यावर पडतो. दिवाणी दाव्यांत वादी पुरावा आणील, आपण स्वस्थ बसावें, अशी संवय असलेल्या लोकांना हें उलटें वाटतें, पण तें असेंच आहे.

शिक्षेसंबंधीं आंकडे सांगितले पाहिजेत. सर्वसाधारण अपराधास तीन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचींतील प्राण्याच्या बाबतींत मात्र कमींत कमी तीन वर्षें व जास्तींत जास्त सात वर्षें कैद, आणि पंचवीस हजारांहून कमी नाहीं इतका दंड. घोरपड व अजगर हे पूर्वींपासूनच पहिल्या अनुसूचींत आहेत. मऊ पाठीच्या कांसवाचीहि तीच गोष्ट. आणि हेंच कांसव कोठें कोठें शुभ म्हणून घरच्या विहिरींत आणून सोडलें जातें! हेतु वाईट नसतो, पण कायदा हेतूपेक्षां ताबा अगोदर पाहतो.

मांडुळाविषयीं चार शब्द अधिक लिहिणें भाग आहे, कारण त्यापायीं आपल्या भागांतील संसार बुडालेले ऐकिवांत आहेत. ह्या गरीब प्राण्याची शेंपटी तोंडासारखी बोथट असते, म्हणून त्यास दुतोंड्या म्हणतात. तो विषारी नाहीं, उंदीर खातो, अंडीं न घालतां जिवंत पिलांस जन्म देतो. गुप्तधन दाखवितो, अमुक वजनाचें मांडूळ लाखांनीं विकतें, परदेशांत त्याचें औषध होतें, अशा कंड्या कोणीतरी पिकविल्या आणि त्या गांवोगांव पसरल्या. ह्यांत तथ्य कांहींच नाहीं. खरा धंदा मांडुळाचा नसून फसवणुकीचा आहे: गिऱ्हाईक आणणारा एक, वजन करणारा दुसरा, पैसे घेऊन पसार होणारा तिसरा. माझ्या माहितींतील एका शेतकऱ्यानें सोयाबीनचे आलेले चाळीस हजार रुपये विसार म्हणून दिले. मांडूळ मिळालें नाहीं, पैसे परत आले नाहींत, आणि फिर्याद द्यावी तर तींत स्वतःचाच गुन्हा लिहून द्यावा लागतो. तो मनुष्य दोन वर्षें गप्प राहिला. त्याच्या पत्नीला ती रक्कम कोठें गेली हें कळलें तें सोसायटीचें कर्ज थकल्याची नोटीस आली तेव्हां.

सापाचें विष विकून पैसा मिळतो, ही दुसरी वावडी. विष काढण्यास कायद्यांत वाट आहे, नाहीं असें नाहीं. बाराव्या कलमाप्रमाणें जीवरक्षक औषधें तयार करण्याकरितां सर्पविष गोळा करण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊं शकतात, व पहिल्या अनुसूचींतील प्राणी असेल तर त्यापूर्वीं केंद्र सरकारची संमति लागते. पण ती वाट कोणाकरितां आहे हें पाहावें. तामिळनाडूंत इरुळा जमातीच्या लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून हें काम करीत आहे. पूर्वीं हे लोक कातड्यासाठीं साप मारीत. १९७६ सालीं सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली, तेव्हां त्यांचें पोट गेलें, व त्यांतून ही संस्था उभी राहिली. ते परवान्यांत दिलेल्या संख्येइतकेच साप धरतात, कांहीं दिवस ठेवून विष काढतात आणि पुन्हां रानांत सोडतात. साप त्यांच्या मालकीचा कधींच होत नाहीं. वैयक्तिक शेतकऱ्यास "सर्पशेती" करण्याची सोय येथें कोठेंच नाहीं. मगरींचीहि हीच कथा आहे. १९७५ पासून आपल्या देशांत मगरींची पैदास सरकारी प्रयत्नानें झाली, १९७६ सालीं मद्रासजवळ क्रोकोडाइल बँक निघाली, मगरी पुष्कळ वाढल्या. तरी थायलंड अगर अमेरिकेप्रमाणें कातड्याकरितां मगरी वाढविण्याची परवानगी हिंदुस्थानांत दिली गेली नाहीं. सांगलीकडील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी शतकानुशतकांची. तिलाहि न्यायालयाच्या आदेशापुढें नमावें लागलें. जेथें परंपरेला सवलत मिळाली नाहीं, तेथें जोडधंद्याला मिळेल अशी आशा करणें व्यर्थ आहे.

आतां परदेशी प्राणी. येथें दार अगदींच बंद नाहीं. वन्य प्राणी व वनस्पति यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीं एक करार १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झाला. सायटेस ह्या नांवानें तो ओळखला जातो, व हिंदुस्थान १९७६ पासून त्यांत सामील आहे. त्या कराराच्या परिशिष्टांत नांवें असलेल्या प्राण्यांची यादी २०२२ च्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यास चौथी अनुसूची म्हणून जोडली गेली. हिरवा इग्वाना, बॉल पायथन हा आफ्रिकेंतील लहान अजगर, हे त्या यादींत आहेत. असा प्राणी बाळगणाऱ्यानें त्याची नोंदणी करून घेतलीच पाहिजे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं ह्यासंबंधींचे नियम प्रसिद्ध झाले. ज्यांच्याजवळ पूर्वींपासून प्राणी होते त्यांस सहा महिन्यांची मुदत मिळाली. ती केव्हांच संपली. त्यानंतर प्राणी घेणाऱ्यास तो ताब्यांत आल्यापासून तीस दिवस मिळतात. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश नांवाच्या संकेतस्थळावर करावयाचा असून तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रांत त्यांची कचेरी नागपुरास आहे. नोंदणी एकदां केली म्हणजे झालें असें नाहीं: पिलूं जन्मलें, प्राणी दुसऱ्यास दिला, प्राणी मेला, प्रत्येक वेळीं वर्दी द्यावी लागते. सात-बाराच्या उताऱ्यावर वारस, विक्री, गहाण ज्याप्रमाणें फेरफारानें चढतात, त्याप्रमाणेंच हें आहे. फरक एवढाच कीं येथें फेरफार राहून गेला तर तलाठ्याची बोलणीं खाऊन भागत नाहीं.

त्या करारांतील पहिल्या परिशिष्टाचे प्राणी म्हणजे अतिशय दुर्मिळ. त्यांची पैदास करावयाची तर निराळी नोंदणी व निराळा परवाना लागतो. स्टार कांसव २०१९ सालीं ह्याच परिशिष्टांत गेलें. तें मुळांत आपल्या देशाचें, त्यामुळें त्यास दोन्ही बाजूंनीं बंदी. लहान शेतकऱ्यानें ह्या वाटेस जाऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

सर्वच परदेशी जाती त्या यादींत नाहींत, हें खरें. परंतु यादींत नसलेला प्राणी देखील देशांत आला कसा, हा प्रश्न उरतोच. परदेशांतून जिवंत प्राणी आणण्यास आयात परवाना लागतो, कस्टम्सचे कागद लागतात, जनावरांच्या रोगांसंबंधीं तपासणी लागते. २०२५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानांत विषारी साप व कांसवें सांपडलीं, ही बातमी वर्तमानपत्रांत पुष्कळांनीं वाचली असेल. चोरट्या मार्गानें आलेला माल पुढें दोन-तीन हातांतून फिरून "येथेंच पैदा झालेला" म्हणून विकला जातो. तेव्हां विकणाऱ्याकडून नोंदणीचें प्रमाणपत्र व पावती घेतल्याविना पैसा देऊं नये. मोबाइलवरील छायाचित्र हा कागद नव्हे. २०२० च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें असे प्राणी स्वेच्छेनें जाहीर करण्याची एक संधि दिली होती, व सहा महिन्यांत जाहीर करणाऱ्याकडे कागद मागितले जाणार नाहींत असें म्हटलें होतें. ती संधि आजहि चालू आहे असें सांगून प्राणी विकणारे लोक आहेत. ती चालू नाहीं.

विक्रीच्या बाबतींत आणखी एक नियम आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास मनाई करणारा कायदा १९६० चा, व त्याखालीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम २०१८ चे. दुकान म्हणजे पाटी लावलेला गाळाच असें नाहीं. जेथें विक्रीकरितां प्राणी ठेवले तें ठिकाण दुकान होय, मग ती घरची पडवी कां असेना. त्याची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागते.

ह्यापुढें कराचा विषय. शेतकऱ्यास आयकर नाहीं, हें वाक्य आपल्याकडे लहान मुलांसहि पाठ आहे. तें अर्धेंच खरें आहे. कर नाहीं तो शेतीच्या उत्पन्नास. शेतकऱ्याच्या प्रत्येक उत्पन्नास नव्हे. शेतीचें उत्पन्न कशाला म्हणावें ह्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं राजा बिनय कुमार सहस राय यांच्या खटल्यांत दिला. नांगरणें, पेरणें, लावणें अशीं जमिनीवर केलेलीं मूळ कामें असलीं पाहिजेत. नुसतीं जनावरें वाढविणें, दूधदुभतें, कोंबड्या, हीं जमिनीवर चाललीं तरी तेवढ्यानें शेती होत नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. रेशमाच्या बाबतींत १९९९ सालीं त्याच न्यायालयापुढें प्रश्न आला. तुती आपण लावतों, पाला आपल्या जमिनींतला, किडा तो पाला खातो व कोष करतो. मग कोष शेतीचा माल कां नव्हे? न्यायालयानें सांगितलें, तुतीचा पाला हा शेतीचा माल, कोष नव्हे. जेथें किडा आपल्या शेतांतला पाला खातो तेथें ही स्थिति, तर जो सरडा बाजारांतून आणलेले किडे खातो त्याचें उत्पन्न शेतीचें कसें होईल? १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला व त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. शेतीच्या उत्पन्नासंबंधींचें हें तत्त्व त्यानें बदललेलें नाहीं.

एक उदाहरण घेऊं. घरांतील मुलगा नोकरीस आहे, पगार वर्षास दहा लाख. मळ्यांतील शेडमध्यें परवान्यानें परदेशी सरड्यांची पैदास तोच करतो, व खर्च वजा जातां चार लाख नफा उरतो. २०२५-२६ सालच्या नव्या दरांप्रमाणें पगारांतून पंचाहत्तर हजारांची ठरीव वजावट जाऊन राहतात सव्वानऊ लाख. नफा "मोसंबीचा" म्हणून दाखविला तर एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आंत राहतें व कर शून्य दिसतो. खरा दाखविला तर उत्पन्न सव्वातेरा लाख. कर ७८,७५० रुपये, त्यावर उपकर ३,१५० रुपये, एकूण ८१,९०० रुपये. हे रुपये वाचविण्याचा मोह होतो, हें मी जाणतों. पण उत्पन्नाचें खोटें वर्णन केल्याचें उघडकीस आलें तर बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊं शकतो, आणि मूळ कर व व्याज निराळेंच. शिवाय तीन एकर मोसंबीचें उत्पन्न एका वर्षांत दुप्पट झालें असें सांगितलें, तर पंचनाम्याचे व पीकपाहणीचे कागद खोटें बोलत नाहींत. ज्याचें दुसरें कांहीं उत्पन्न नाहीं व नफा लाख-दोन लाखच आहे, त्यास कर लागत नाहीं. तरी हिशेब त्यानेंहि ठेवावा. लहान धंद्यास विक्रीच्या आठ टक्के, व पैसा बँकेंतून आल्यास सहा टक्के नफा धरून कर भरण्याची सोपी रीत कायद्यांत आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिकच दाखवावा. वस्तु व सेवा कराची झळ येथें फारशी नाहीं, कारण घोडे सोडल्यास जिवंत जनावरांवर तो सामान्यतः लागत नाहीं. पिंजरे, दिवे, तयार खाद्य विकूं लागल्यास मात्र लागतो, व महाराष्ट्रांत मालाची विक्री वर्षास चाळीस लाखांवर गेली म्हणजे नोंदणी आली.

कांहीं लोक विचारतात, बंदी असलेल्या प्राण्याच्या विक्रीवर प्रामाणिकपणें कर भरला तर विक्री पावन होते काय? होत नाहीं. बेकायदा उत्पन्नावरहि कर लागतो, आणि कर भरल्यानें गुन्हा जात नाहीं. फेरफाराची नोंद झाली म्हणून दुसऱ्याच्या जमिनीची मालकी आपल्याला मिळत नाहीं, तसेंच हें.

शेड बांधण्यापूर्वीं तहसील कचेरींत एक अर्ज करून विचारून घ्यावें. शेतजमिनीवर गुरांचा गोठा किंवा अवजारांची खोली बांधणें वेगळें, आणि व्यापारासाठीं प्राणी ठेवण्याची इमारत वेगळी; दुसरीस अकृषिक परवानगी लागेल काय, हें लेखी उत्तरानें ठरलेलें बरें. तोंडी उत्तर देणारा अधिकारी बदलून जातो.

शेवटची गोष्ट, धंदा मोडावयाचा झाल्यास काय करावें, ही. परदेशी प्राणी कंटाळा आला म्हणून विहिरींत, शेततळ्यांत किंवा दुधना-पूर्णेच्या पात्रांत सोडूं नयेत. मासे विकणाऱ्या दुकानांतून घेतलेलें लाल कानाचें अमेरिकन कांसव असेंच तळ्यांतळ्यांत सोडलें गेलें आणि देशी कांसवांचें अन्न व जागा खाऊं लागलें. ज्याची नोंदणी आहे असा प्राणी नोंदणी असलेल्या दुसऱ्या मनुष्यास रीतसर वर्दी देऊन द्यावा. ज्याची नाहीं, त्याविषयीं आपण होऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या प्रतीवर पोंच घ्यावी, व ती प्रत सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर त्याच पेटींत ठेवावी.